गरीब स्वभावाचा उंदीर

पन्नाशी उलटलेल्या बाईला जगाने ‘बेबी’ म्हणायचं, हा काय प्रकार आहे? पण जग म्हणत होतं. थोरला भाऊ लहानपणी म्हणाला, मग वहिनी घरात आली आणि तिने त्याला नुसतं ‘ताई’ जोडलं, मग भाचा झाला आणि त्याने ‘आत्या’ जोडलं. इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे बेबीताई, बेबीआत्या करत राहिले. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी बेबी ती बेबीच.

आणि बेबीपाठोपाठ दुसरा शब्द ठरलेला असे: गरीब. ‘‘आमची बेबी म्हणजे फार गरीब हो.’’ पैशाने नव्हे. पैसे ती आपले आपण मिळवत होती आणि त्यातले निम्मे घरात टाकत होती. पण हा शब्द आपल्याकडे मोठा सोयीचा आहे. ज्याचा खिसा रिकामा तोही गरीब, आणि ज्याला काहीही बोललं तरी जो उलट बोलत नाही तोही गरीब. गाय गरीब, सून गरीब, कोपऱ्यातला कारकून गरीब. म्हणणाऱ्याला वाटतं आपण तोंड भरून कौतुक केलं. खरं तर त्याने एवढंच सांगितलेलं असतं की या माणसाच्या पायावर पाय दिला तरी चालतो.

तर या गरीब बेबीची घरात एक खोली होती. मागच्या बाजूची, एका खिडकीची, कपाट उघडलं की पलंगाला लागणारी. घर आईवडिलांचं, म्हणजे त्यांच्यानंतर दोघा भावंडांचं, पण ही गोष्ट घरात कोणी तोंडाने उच्चारत नसे. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा एकदा जेवताना दादा म्हणाला, ‘‘लग्नानंतर या दोघांना मागची खोली देऊ. गॅलरीला काचा बसवून घेतल्या की बेबीचं तिथे मस्त होईल. काय बेबी?’’

बेबीचे हातपाय गार पडले. घास हातातच राहिला. ती ताटाकडे बघत बसली. बोलायचं पुष्कळ होतं, पण दातखीळ बसल्यासारखं झालं. समोर वहिनीने डाळीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, ‘‘बेबीताईंना काय, कुठेही चालतं.’’ झालं, ठरलं. एवढ्यावर एका बाईची खोली गेली. त्यांना विचारलं होतं असं म्हणायला जागा राहिली, आणि तिला ऐकून घेतलं नाही असं म्हणायचीही सोय उरली नाही. मला तर अजून ते आठवलं की संताप येतो.

दातखीळ बसण्यातली गंमत अशी की बेबीचं सगळं आयुष्य दातांत गेलं होतं. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवत असे. टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले, बाजूला स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण, आणि छोट्या डबीत नवे कोरे दात. एकेक दात मेणात बसवायचा, साच्यावर साचा ठेवून चावा जुळतो का बघायचा. तिच्या हातचे दात घालून गावातली किती माणसं खाकरून, ओरडून, भांडून बोलत होती. जिने सगळ्यांच्या तोंडात दात घातले तिच्याच तोंडून ब्र निघत नव्हता.

त्या दवाखान्यात एके दिवशी सकाळी आरडाओरडा झाला. बेबी हातातला मेण कापायचा चाकू तसाच घेऊन बाहेर आली. काउंटरवरची मुलगी खुर्चीवर चढून किंचाळत होती, दोन पेशंट दाराबाहेर पळाले होते आणि मधोमध एक म्हातारी मावशी उभी होती. एका हातात रुमालात गुंडाळलेली मोडकी कवळी, आणि स्वेटरच्या खिशातून डोकं बाहेर काढून बघणारा एक उंदीर.

‘‘चावत नाही तो!’’ मावशी बोळक्या तोंडाने ओरडत होती. ‘‘सध्या मलासुद्धा चावता येत नाही!’’

बेबीला हसू आलं. तिने मावशीला आपल्या मागच्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसवलं. कवळी मधोमध तुटली होती, जोडण्यासारखी होती. ती तुकडे जुळवत असताना उंदीर मावशीच्या बाहीवरून टेबलावर उतरला. अंगाने पांढरा, डोकं आणि खांदे मात्र काळे, जणू टोपी घातली होती. त्याने ओळीने सगळे प्लास्टरचे जबडे हुंगले, मेणाच्या तुकड्याला मिशा लावून बघितल्या, आणि मग कोणी बोलावलं नसताना बेबीच्या हाताकडे आला. बोटं हुंगली. तळव्यात चढला. पुढचे दोन पाय उचलून तोंड धुवायला लागला.

बेबीने श्वास रोखून धरला. तळव्यावर त्याचं इवलंसं ऊन वजन होतं. मग एक बारीक आवाज यायला लागला, करकर करकर.

‘‘दात खातोय,’’ मावशी म्हणाली. ‘‘खूश झाले की खातात दात. आवडलीस तू त्याला.’’

दात खाणारी माणसं बेबीच्या चांगल्या ओळखीची होती. काळजीने खाणारी, रागाने खाणारी, झोपेत खाणारी. त्यांच्या झिजलेल्या दातांचे साचे ढिगाने तिच्या टेबलावर येत. आनंदाने दात खाणारा जीव तिने आज पहिल्यांदा पाहिला. आणि तो आनंद तिच्यामुळे झाला होता, हे तर तिला खरंच वाटेना.

मावशी घरी उंदीर पाळायची, त्यांची पिल्लंही द्यायची, पण माणूस बघून. जाताना तिने पत्ता सांगितला. ‘‘नवी पिल्लं मोठी झाली की ये. पण एक नाही मिळणार, दोन घ्यावे लागतील. उंदीर एकटा ठेवला की झुरतो.’’

पुढचे कितीतरी दिवस बेबी मेण तापवता तापवता एकच वाक्य घोकत होती: मी उंदीर पाळणार आहे. मी उंदीर पाळणार आहे. आणि जेवायला बसल्यावर प्रत्यक्ष तोंडातून काय निघावं?

‘‘दादा, मी उंदीर पाळू का?’’

भाच्याने जे दात काढले ते मिटेचनात. वहिनी ‘‘शी!’’ म्हणून ताटावरून मागे सरकली, जणू उंदीर आमटीतच पडला होता. दादाने नेहमीप्रमाणे अक्कल पाजळली. ‘‘लोक उंदीर घालवायला पिंजरा लावतात, बेबी. तू पिंजरा लावून उंदीर आणणार? मांजर आण, पोपट आण. लोकांना सांगण्यासारखं काहीतरी आण.’’

‘‘पण तो स्वच्छ असतो दादा. दिवसभर अंग चाटून साफ करत बसतो. हाक मारली की येतो. माझ्या खोलीतच ठेवीन.’’

‘माझ्या खोलीत’ म्हटल्यावर वहिनीने दादाकडे बघितलं आणि दादाने पाण्याचा पेला उचलला. बेबीने त्यानंतर दातांच्या कण्या केल्या. सकाळी चहाला विचारलं, संध्याकाळी भाजी निवडताना विचारलं. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खोलीत ठेवायच्या जनावरासाठी ती दारात उभ्या मुलीसारखी परवानगी मागत होती, आणि ती मंडळी तिला मागू देत होती! एवढ्या वर्षांत या घरात मोठा टीव्ही आला, सोफा दोनदा बदलला, भाच्याने गिटार आणून महिनाभरात कपाटावर टाकलं. त्यातलं काही तिला कोणी विचारलं होतं?

आणि मग अचानक दादा विरघळला. शनिवारी स्वतःहून तिच्या दारात आला, अर्थात न विचारता आत आला, आणि म्हणाला, ‘‘बेबी, तुझी एवढी हौस आहे ना, चल. उद्या मी येतो तुझ्याबरोबर. तुला कोणीही काहीही गळ्यात मारेल. मी निवडून देतो.’’

दादा तिच्याबरोबर कुठे कधी गेला होता? डोळ्याच्या ऑपरेशनलासुद्धा ती एकटी गेली होती. रात्री तिने जुन्या चादरीचे चौकोन कापून उंदरांच्या बिछान्यासाठी ठेवले, पिंजऱ्यासाठी खिडकीखालची जागा पुसून काढली. कोणी चार गोड शब्द बोललं की विरघळणारी माणसं असतात, त्यांच्यातली ती एक.

मावशीचं घर तळमजल्यावर होतं, पुढे जुन्या वह्या-पुस्तकांचं दुकान आणि मागे दोन खोल्या. त्यातल्या एकीत भिंतभर पिंजरे, कपाटाएवढे उंच. आत फळ्या, शिड्या, आणि जुन्या विजारींचे पाय कापून बांधलेले झोपाळे. त्यात उंदीर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून लोळत पडले होते. वास होता, नाही असं नाही, पण ओल्या गवतासारखा. दादा नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला.

‘‘हात आत घाल आणि नुसता ठेव,’’ मावशीने बेबीला सांगितलं. नव्याने जोडलेली कवळी तिच्या तोंडात झकास बसली होती. ‘‘पकडायला जाऊ नकोस. तू निवडायचं नाहीस, ते निवडतील. येईल त्याचे डोळे बघ, नाक वाहतंय का बघ, छातीला कान लाव. घरघर नको.’’

बेबीने हात ठेवला. वरच्या झोपाळ्यात हालचाल झाली. एक काळ्या टोपीचा, अगदी त्या दिवशीच्या उंदराचा अवतार, शिडीवरून धडपडत खाली आला आणि थेट तिच्या बाहीत शिरला. त्याच्या मागून सायीच्या रंगाचा दुसरा आला. त्याने तिची अंगठी दातात धरून ओढून बघितली, ती निघेना म्हणून नाद सोडला आणि मनगटावर बसला. बेबी हसत सुटली. डोळे चकचकीत, नाक कोरडं, छातीत घरघर नाही. दोघे भाऊ आहेत, एकाच वेतातले, असं मावशीने सांगितलं.

‘‘छे छे,’’ दादा दारातून म्हणाला. ‘‘हे फार आगाऊ आहेत. घरभर हुंदडतील. तो बघ, तो कोपऱ्यातला. तो घे. किती शांत बसलाय.’’

कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, एक करडा उंदीर अंग आवळून बसला होता. डोळे मोठे, मिशासुद्धा हलत नव्हत्या. दादाने दोन पावलं पुढे येऊन पिंजऱ्याच्या जाळीतून बोट घातलं आणि त्याच्या पाठीला लावलं. उंदीर जागचा हलला नाही.

‘‘बघ! हात लावला तरी काही म्हणत नाही. गरीब आहे बिचारा.’’

‘‘गरीब नाही तो,’’ मावशी म्हणाली. ‘‘घाबरलाय. आधी होता तिथे त्याला शेपटीला धरून उचलायचे. माझ्याकडे आत्ता आलाय.’’

‘‘अहो, घाबरला असता तर पळाला असता.’’

‘‘पळायला जागा असती तर पळाला असता. जागा नसली की असा दगड होऊन बसतो. हलत नाही म्हणजे त्याला चालतंय असं नाही साहेब. आत पोटात पाणी पाणी होत असतं त्याचं. बोट काढा बघू.’’

दादाने बोट काढलं, पण माघार कुठली घेतोय! हसून म्हणाला, ‘‘ते काही असो. आमच्या घरात गरीबच बरा. आता आमच्या बेबीचंच बघा. काहीही सांगा, कुठेही ठेवा, एका शब्दाने बोलत नाही. अशी माणसं असली की घर चालतं.’’

बेबीचा हात पिंजऱ्यात तसाच राहिला. तिने कोपऱ्यातल्या करड्या उंदराकडे बघितलं. गार पडलेले पाय, पुढ्यातल्या जमिनीवर खिळलेली नजर, आणि वरून कोणीतरी म्हणतंय, ह्याला काय, कुठेही चालतं. डाळीची वाटी आठवली. तळपायापासून काहीतरी तापत वर चढलं, आणि ते काय आहे हे कळायलाच तिला थोडा वेळ लागला, इतकी तिला रागाची सवय नव्हती.

‘‘मला हे दोघे हवेत,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, पण आगाऊ आहेत.’’

‘‘हो. आगाऊच हवेत.’’

तिला त्या करड्याची कीव आली नाही असं नाही. मावशीने विचारलंही, ‘‘त्याला नेणार का?’’ पण बेबी म्हणाली, ‘‘नको मावशी. कीव आली म्हणून ठेवलेल्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन आणि इथे हात ठेवून बसेन. त्याला वाटेल तेव्हा येईल.’’ मावशीने मान हलवली आणि झाकणाला भोकं पाडलेला खोका काढला.

एवढा वेळ ‘‘घाई करू नकोस, सावकाश निवड’’ म्हणणाऱ्या दादाचा फोन वाजला. तो बाहेर जाऊन बोलला आणि आत येऊन म्हणाला, ‘‘चल, चल, झालं ना? घे ते दोन आणि चल.’’ बेबीला ते जरा विचित्र वाटलं. पण मांडीवरच्या खोक्यात दोन जीव खुडबुडत होते, तिचं लक्ष तिकडेच होतं.

घराचं दार वहिनीने उघडलं, ते सुद्धा हसत. उंदीर घेऊन आलेल्या नणंदेसाठी वहिनी हसत दार उघडते, इथेच माणसाने समजावं.

बेबीची खोली रिकामी होती. भाचा मोजपट्टी लावून भिंत मोजत होता, नवा मोठा पलंग बसतो का बघायला. तिचं टेबल, कपाटातले कपडे, आईचा फोटो, चादरीचे कापून ठेवलेले चौकोन, सगळं गॅलरीत एकावर एक रचलेलं होतं. पलंग दाराला आडवा. काचा अजून बसल्याच नव्हत्या, नुसतं प्लास्टिक बांधलं होतं.

म्हणजे ही होती ती हौस! उंदीर निवडायला भाऊ बरोबर आला तो यासाठी. तिला घराबाहेर काढायला. उघड्या डोळ्यांनी, तिच्याच आनंदाचं आमिष लावून. पिंजरा लावला होता खरा, पण उंदरासाठी नव्हता.

‘‘किती हवेशीर आहे बघा ना बेबीताई,’’ वहिनी म्हणाली. ‘‘आणि तुमच्या त्या पिंजऱ्यालाही इथेच जागा होईल.’’

‘‘तुला आवराआवरीचा त्रास नको म्हणून परस्पर करून टाकलं,’’ दादा म्हणाला.

बेबी खोका घेऊन उभी होती. हातपाय गार पडले. नजर जमिनीवर गेली. सगळं नेहमीसारखंच झालं, आणि त्या तिघांनीही त्याचा नेहमीसारखाच अर्थ लावला. भाचा पुन्हा मोजायला लागला. तेवढ्यात खोक्याच्या भोकातून एक गुलाबी नाक बाहेर आलं, त्याने डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं, आणि बेबीचं बोट सापडल्यावर ते चाटायला लागलं.

‘‘मला कोणी विचारलं होतं?’’ बेबी म्हणाली.

‘‘विचारलं की!’’ दादा म्हणाला. ‘‘जेवताना नाही का? तू काही बोलली नाहीस.’’

‘‘बोलले नाही म्हणजे हो म्हणाले नव्हते.’’

‘‘आता ऐन वेळेला हे काय, बेबीताई? मग या दोघांनी राहायचं कुठे?’’

‘‘हॉल आहे. तुमची खोली आहे. गॅलरी हवेशीर आहे, आत्ताच म्हणालात तुम्ही.’’ तिने खोका खिडकीखाली ठेवला, भाच्याच्या हातातली मोजपट्टी काढून घेतली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘‘पलंगाचं ते टोक धर.’’

भाच्याने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि गंमत म्हणजे गेला आणि टोक धरलं. पलंग आत आला. टेबल आलं. आईचा फोटो बेबीने स्वतः आणला आणि होता त्याच खिळ्याला टांगला. दादा दारात उभा होता. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. राग नव्हता, त्याला खरोखरच काही कळत नव्हतं.

‘‘तू अशी नव्हतीस बेबी,’’ तो म्हणाला. ‘‘किती गरीब होतीस.’’

‘‘मी गरीब कधीच नव्हते दादा,’’ बेबी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नीट येत होते. ‘‘मी घाबरलेली होते. हे घर माझंही आहे, हे तुला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, तरी घाबरत होते. आज मावशीने तुझ्यादेखत सांगितला ना फरक. आता तू बाहेर हो, मला यांना खोक्यातून काढायचंय.’’

तिने दार लावलं. खोक्याचं झाकण उघडलं आणि जमिनीवर बसून हात त्यात नुसता ठेवला. टोपीवाला आधी आला, मग सायीचा. त्यांनी पलंगाखाली जाऊन बघितलं, टेबलाचे पाय हुंगले, चादरीच्या चौकोनांवर बसून बघितलं. बाहेर दादा आणि वहिनी दबक्या आवाजात बोलत होते, वहिनीचा आवाज मधेच चढत होता. बेबी दात-ओठ खात ऐकत होती. तेवढ्यात टोपीवाला परत येऊन तिच्या तळव्यात चढला, आणि त्यानेही आपल्या पद्धतीने दात खायला सुरुवात केली.

बाहेरचं बोलणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली. बेबीने सवयीने दाराकडे पाहिलं, कारण या घरात आजवर तिचं दार जो तो सरळ ढकलून आत येत असे.

दार ढकललं गेलं नाही. टकटक झाली.

‘‘बेबी,’’ दादा बाहेरून म्हणाला, ‘‘आत येऊ का?’’

‘‘आत्ता नको,’’ बेबी म्हणाली.